जर्मन शिकून पुढे काय?

श्रोतेहो, खेड्यातली एखादी मुलगी कॉलेजात जाते आणि घरी सांगते की, बी. ए.ला मी जर्मन घेणार. वडील विचारतात, "बाई गं, ती भाषा शिकून पोटाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात थोडे शोधू या.

फ्रांझ कीलहोर्न हे जर्मन पंडित १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवीत. पतंजलीच्या महाभाष्याची शुद्ध आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. संस्कृतचा सात खंडांचा थोर कोश सेंट पीटर्सबर्गला निघाला, तोही जर्मन भाषेत. गंमत पाहा, कोठार आपले, पण त्याची एक किल्ली जर्मनांच्या हाती!

ती किल्ली ज्यांनी मिळवली, त्यांत विष्णु सीताराम सुकथनकर होते. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला गेले आणि पोथ्यांतले पाठ ताडून पाहण्याची शास्त्रीय रीत शिकून आले. १९२५ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन त्यांच्याकडे आले. ते १९४३ साली वारले; काम पुढे चालले आणि १९६६ साली तडीस गेले.

इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. माणसाच्या कवट्या मोजून त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध लिहिला. गोऱ्यांची कवटीच श्रेष्ठ, असे मानणाऱ्या गुरूच्या हाताखाली त्या काम करीत होत्या. मोजमाप तसे सांगेना, तेव्हा त्यांनी तसे लिहिले नाही. परकी भाषा शिकणे म्हणजे परक्यांची री ओढणे नव्हे, ते असे.

या दोघांकडे नीट पाहा. नुसत्या जर्मनवर कोणीच थांबले नाही. एकाच्या हाती संस्कृत होते, दुसरीच्या हाती मानवशास्त्र. भाषा हे औत. शेत आपले आपल्याला हवे.

आजही हिशेब तोच आहे. निव्वळ भाषेवर शिक्षक, अनुवादक, दुभाषा होता येते; पण त्यासाठी भाषा पक्की हवी. यंत्रशास्त्र, हिशेबनिशी किंवा शुश्रूषा यांची जोड असली, तर वाट रुंदावते. जर्मनच्या परीक्षांच्या सहा पातळ्या असतात. परिचारिकेला तिकडे पूर्ण परवान्यासाठी साधारणपणे चौथी, म्हणजे बी-२, गाठावी लागते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांविषयी करारही केला. पण करार कागदावर असतो. भाषा माणसालाच कमवावी लागते. दोन-चार महिन्यांत जर्मन शिकवून नोकरी हातात ठेवू, असे कोणी म्हणाले, तर पैसे मोजण्याआधी नीट चौकशी करावी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एवढेच विचारा : "जर्मन शीक बाळ, पण तिच्या जोडीला काय घेणार?" ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याच्या वडिलांनी काळजी करू नये.