बडवलेला बैल आणि शनिवारचा विसावा : यहुदी धर्मशास्त्रातील एका बंदीचा इतिहास

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, पिंपरी-चिंचवडमध्ये बसून यहुदी धर्मशास्त्राची चर्चा कशाला? आणि तीही कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीवर? पण मित्रहो, प्रश्न आपल्या दारातलाच आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत रात्रपाळी सुटल्यावर दुचाकीवरून घरी जाणाऱ्या कुठल्याही कामगाराला विचारा, वळणावर कुत्र्यांची टोळी अंगावर आली की काय होतं ते. महापालिका कुत्री पकडते, नसबंदी करते, रेबीजची लस टोचते, कानाला खूण करते आणि पुन्हा त्याच गल्लीत आणून सोडते. 2001 च्या आणि नंतर 2023 च्या केंद्रीय नियमांनी घालून दिलेली ही पद्धत आहे. आपण तिच्याकडे पाणीपुरवठ्यासारखी एक नागरी व्यवस्था म्हणून बघतो. प्राण्याची प्रजननशक्ती काढून घेण्याचा माणसाला अधिकार आहे का, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

यहुदी परंपरेत मात्र हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आणि त्या परंपरेची एक शाखा आपल्या कोकणात, मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवत नांदली. आज तो धागा धरून आपण पुढे जाणार आहोत.

सुरुवात मूळ वचनापासून करू. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या 22 व्या अध्यायात 24 वे वचन आहे. त्याचा आशय असा : ज्या पशूचे अंड चेंगरलेले, ठेचलेले, तोडलेले किंवा कापलेले असेल तो देवाला अर्पण करू नये, आणि तुमच्या देशात असे करू नये. पहिला भाग सरळ आहे, तो यज्ञाच्या पशूविषयी आहे. पण दुसऱ्या भागाचे काय? ‘असे करू नये’ म्हणजे असा पशू अर्पू नये, की पशूचे असे मुळातच काही करू नये? पंडितांनी दुसरा अर्थ घेतला. या अर्ध्या वाक्यातून खच्चीकरणाची संपूर्ण बंदी उभी राहिली.

ती कुत्र्यालाही लागू आहे का, हे दुसऱ्या शतकातच विचारले गेले होते. बेन झोमा नावाचा विद्वान होता. त्याला कोणी विचारले, कुत्र्याचे खच्चीकरण चालेल का? प्रश्नात खोच आहे. कुत्रा यज्ञाला चालत नाही, खायलाही चालत नाही. मग यज्ञाच्या पशूचा नियम त्याला कशाला? बेन झोमाने त्याच वचनातल्या ‘तुमच्या देशात’ या शब्दांवर बोट ठेवले. देशात जे जे आहे त्या सगळ्याला नियम लागू. तालमूदमध्ये ही नोंद आहे. म्हणजे आज चिंचवडमधल्या पशुवैद्याच्या टेबलावर जो प्रश्न पडलेला असतो, तो तितका जुना आहे.

आता बंदीचे कारण काय? आपल्याकडचा माणूस लगेच म्हणेल, कारण जीवदया. पण इथे जरा थांबायला हवे. मुक्या प्राण्याला विनाकारण दुःख देऊ नये, असा यहुदी शास्त्रात वेगळा नियम आहे. खच्चीकरणाची बंदी त्या नियमावर उभी नाही. तेराव्या शतकात स्पेनमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘सेफेर हाखिनुख’ या ग्रंथात कारण दिले आहे ते असे : देवाने सृष्टी पूर्ण केली, प्रत्येक जातीला वाढण्याची शक्ती दिली, ती शक्ती नासवणे म्हणजे निर्मात्याच्या कामाचा अव्हेर करणे. इथे अपराध वेदनेचा नाही, तर जे पुढे जन्मले असते ते थांबवण्याचा आहे. भूल देऊन, जराही दुखू न देता शस्त्रक्रिया केली तरी हा आक्षेप तसाच राहतो.

याच्या शेजारी भारतीय परंपरा ठेवून बघा. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात बैल, बोकड, मेंढे, डुक्कर यांचे खच्चीकरण ठरावीक तिथींना, सणांना आणि चातुर्मासाच्या पौर्णिमांना करू नये, अशी आज्ञा आहे. म्हणजे अशोकाने काम बंद केले नाही, त्याला सुट्टीचे दिवस नेमून दिले. जैन श्रावकांनी टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांत ‘निर्लांछन कर्म’ आहे, म्हणजे जनावरांना डागणे, बडवणे वगैरे; आणि त्याच यादीत ‘यंत्रपीलन कर्म’ही आहे, म्हणजे घाण्यात पिळण्याचा धंदा. हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. आणि आपला 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा? त्यात विहित पद्धतीने केलेले खच्चीकरण क्रूरतेच्या व्याख्येतून वगळलेले आहे. इथे सगळा हिशेब वेदनेचा, हिंसेचा आहे. यहुदी हिशेब संततीचा आहे. दोन्हींना ‘दया’ हे एकच नाव दिले की फरक हातातून निसटतो.

मग पुढचा प्रश्न साहजिक आहे. नांगर कोण ओढणार? न बडवलेला वळू औताला सहज बसत नाही, हे मावळातला कुठलाही शेतकरी सांगेल. यहुदी शेतकऱ्यालाही शेती करायची होती. त्याने काय केले, ते तालमूदच्या ‘बावा मेत्सिया’ या खंडात आले आहे आणि तो भाग फार बोलका आहे.

शमुएल या बाबिलोनी पंडिताच्या वडिलांकडे एक शंका पाठवली गेली. काही लोकांचे बैल शेजारचे परधर्मीय ‘चोरून’ नेतात, बडवतात आणि परत आणून देतात. असे बैल मालकाने वापरावेत का? ही चोरी कसली आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. त्यांच्याही आले. त्यांनी कळवले : इथे लबाडी झाली आहे, तेव्हा मालकांवरही तसाच डाव उलटवा, ते बैल विकायला लावा. पुढे चर्चा चालते. रावा म्हणतो, नुसते विकून काय होणार, कापायलाच विकावेत. अबाये त्याला आवरतो : विक्रीचा दंड पुरे. मग विकायचे कोणाला? स्वतःच्या मुलाला विकले तर चालेल का? थोरला मुलगा चालेल, धाकट्याबाबत मतभेद. आणि शेवटी ग्रंथ सांगतो की दोघा जणांनी आपापसांत बैलांची अदलाबदल केली! म्हणजे दंडही झाला आणि दोघांच्या दावणीला बडवलेला बैलही राहिला.

हसू येते खरे. पण ग्रंथकारांनी हे लपवले नाही, हे महत्त्वाचे आहे. नियम, नियमाची पळवाट, पळवाटीवरचा दंड आणि दंडाची पळवाट, चारही पायऱ्या त्यांनी लिहून ठेवल्या. बाराव्या शतकात मैमोनिदेसने याची संहिता बांधली. खच्चीकरण माणसाचे असो वा पशूचे, पवित्र देशात असो वा बाहेर, निषिद्ध. मादीच्या बाबतीत दोष आहे, पण नरासारखी शिक्षा नाही. दुसऱ्याला सांगून करवून घेणेही निषिद्ध. मात्र परक्याने आपणहून केले असेल तर तो पशू वापरायला हरकत नाही. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्खान आरुख’मध्येही हीच चौकट आहे. विकत घेणारा बडवणारच आहे हे ठाऊक असताना त्याला जनावर विकावे का, यावर मात्र दोन मते पडली.

आता कोकणात येऊ. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर अशी त्यांची आडनावे. धंदा मुख्यतः तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. त्यांच्याकडे तालमूद नव्हता. सुंता, शनिवार पाळणे, ‘शेमा’ची प्रार्थना, खवले नसलेला मासा न खाणे, एवढ्या खुणांवर समाज टिकला. पुढे 1796 मध्ये मुंबईत शमुएल दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले, कोचीनचे शिक्षक आले, धर्मग्रंथ मराठीत उतरू लागले. वल्हांडणाच्या सणाची ‘हग्गादा’ 1874 मध्ये पुण्यात मराठीसह छापली गेली.

आता त्या घाण्याकडे नीट बघा. घाण्याला जुंपला जातो तो झापड बांधलेला, गोल गोल फिरणारा बैल. आणि सर्वसाधारण रिवाजाने तो बडवलेला बैल. दहा आज्ञांपैकी शब्बाथच्या आज्ञेत मालकाबरोबर त्याच्या पशूलाही विसावा सांगितला आहे. म्हणजे ‘शनिवार तेली’ हे नाव जितके तेल्याचे, तितकेच त्याच्या बैलाचे! ज्या जनावराच्या विसाव्यामुळे समाजाची ओळख शतकानुशतके टिकली, त्याच जनावराच्या अंगावर शास्त्राने निषिद्ध ठरवलेली खूण होती. यात दांभिकपणा शोधायचे कारण नाही. शास्त्राच्या चौकटीत बाजारातून आणलेला, आधीच बडवलेला बैल चालतोच. पण ताण तर आहे. आणि तो फक्त त्यांचा नाही. आठवतंय ना, जैन यादीत बडवणे आणि घाणा शेजारी शेजारी होते? तेल मात्र सगळ्यांच्या स्वयंपाकघरात जात होते.

आपल्या चाकणचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. तिथे बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो, चाल बघतो. बडवला कोणी, हे कोण विचारतो? पूर्वी गावोगाव हे काम करणारी ठरावीक माणसे असत. आता पशुवैद्य चिमट्याने करतात. जनावर ठेचणारा हात आणि जनावर वापरणारा हात यांत अंतर ठेवण्याची सोय प्रत्येक समाजाने केली. यहुदी पंडितांनी एवढेच जास्त केले की त्या अंतरावरही प्रश्न विचारला : तू सांगितलं होतंस का? तुला ठाऊक होतं का? फायदा कोणाला झाला?

आजच्या पाळीव प्राण्यांबाबत रब्बी याच वाटांनी जातात. आधीच नसबंदी झालेला कुत्रा दत्तक घ्यायला अडचण नाही, तो बाजारातल्या बैलासारखा. मादीबाबत सवलत जास्त. काही जण प्राण्याची मालकी आधी परधर्मीयाकडे द्यायला सांगतात. काहींना त्यात तीच जुनी ‘चोरी’ दिसते. भटक्या प्राण्यांची उपासमार आणि रोगराई हेही काही जण वजनात घेतात.

हा वाद घरापुरता राहिला नाही. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये इस्राएलचे कृषिमंत्री उरी एरियल यांनी धार्मिक आक्षेप पुढे करून सुचवले की भटक्या प्राण्यांच्या नसबंदीचा पैसा ती कुत्री-मांजरे परदेशी पाठवायला वापरावा. देशभर टीका आणि टिंगल झाली, प्रस्ताव मागे पडला. आमच्या मते त्यात एक तात्त्विक चूकही होती. वचनाचा शब्द पाळायचा आणि प्राणी नजरेआड करायचा, ही बैलांची अदलाबदलच झाली.

पण आपण तरी वेगळे आहोत का? 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा, परत न सोडण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर त्याच जागी सोडावीत असे सांगितले. त्या अकरा दिवसांत आपल्याकडेही हाउसिंग सोसायट्यांमध्ये वाद रंगले. एक बाजू म्हणत होती ‘घेऊन जा’, दुसरी म्हणत होती ‘हात लावू नका’. कुठे न्यायचे आणि नसबंदी वेळेवर का होत नाही, हे विचारणारे थोडे.

आम्ही नसबंदीच्या विरोधात नाही. कचऱ्याच्या ढिगावर वाढणारी आणि महामार्गावर चिरडली जाणारी पिल्ले बघून कोणी विरोधात असू नये. या जुन्या चर्चेतून घ्यायचे ते इतकेच, की गरज मान्य केली तरी कृत्य किरकोळ होत नाही. आपण एका जिवाची पुढची पिढी थांबवतो आहोत, तर त्याचा हिशेब ठेवणे आपले काम आहे. आपल्या वॉर्डात किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणत्या ठेकेदाराने केल्या, जखम भरेपर्यंत कुत्रे ठेवले की त्याआधीच सोडले, किती दगावले, हे नगरसेवकाला विचारता येते, माहितीच्या अधिकारात मागता येते. शमुएलच्या वडिलांनी बैलाच्या मालकाला सोडले नाही. ‘मी कुठे केलं, त्यांनी केलं’ हे उत्तर त्यांनी ऐकून घेतले नाही. महापालिकेचे काम आपल्या करातून, आपल्या तक्रारीवरून होते. तेव्हा ते उत्तर आपल्यालाही देता येणार नाही.

इथे थांबतो. पुढच्या व्याख्यानात शब्बाथच्याच आज्ञेकडे, म्हणजे कामगाराच्या आणि जनावराच्या साप्ताहिक सुट्टीच्या इतिहासाकडे वळू.