नरक्याचे झाड आणि वजनावरची मजुरी

पाटणच्या आणि शिराळ्याच्या डोंगरात नरक्या नावाचे एक लहानसे झाड आहे. त्याच्या फुलांना उग्र वास येतो, म्हणून हे नाव. पूर्वी त्याला कोणी विचारीत नसे. त्याला किंमत आली आणि त्याच दिवशी त्याचे दिवस भरले. हे कसे घडले ते सांगण्यासारखे आहे.

1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी चीनमधील एका झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. वाणी हे आपल्या नंदुरबारचे. 1972 साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. पुढे त्यापासून तयार झालेली औषधे कर्करोगावर वापरली जाऊ लागली आणि नरक्याचे लाकूड पोत्यांत भरून डोंगर उतरू लागले.

याच वॉल आणि वाणी यांनी अमेरिकेतील 'यू' या सूचिपर्णी झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढले आणि 1971 साली त्याची रचना प्रसिद्ध केली. 1992 साली ते औषध म्हणून मान्य झाले. पण साल सोलली की झाड मरते, आणि एका रोग्यासाठी अनेक झाडे लागत. तेव्हा शास्त्रज्ञांनी युरोपातील यूच्या पानांतून कच्चा माल मिळवून औषध बनवण्याची रीत काढली. पान पुन्हा फुटते. हिमालयातील त्याचा भाऊ थुनेर मात्र आजही धोक्यात आहे. 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळाही फार पाहिली नाही. पण कामगार चळवळीत इतकी वर्षे घालवल्यावर एक गोष्ट आम्हांस पक्की कळली आहे. मजुरी वजनावर ठरली की हाताला वजनच दिसते. नरक्या तोडणाऱ्यालाही किलोवरच पैसे मिळत असतील, तर तो फांदी कशाला छाटील? बुंधाच घेईल. पकडला जातो तो डोक्यावर पोते असलेला माणूस. पोते विकत घेणारा दूर शहरात असतो.

कोयनेचे अभयारण्य 1985 साली झाले, चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान 2004 साली, आणि 2010 साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. रक्षण हवेच. पण नुसत्या पहाऱ्याने पोट भरत नाही. नरक्याचे बी रुजते, रोपे होतात. गावातल्या माणसांना रोपवाटिकेची रोजंदारी द्या, मालकी रानातल्या झाडावर लावा आणि औषधासाठी शेतात लागवड करा. नंदुरबारच्या माणसाने शोधलेल्या औषधाचे मोल सह्याद्रीच्या झाडाने आणि डोंगरातल्या मजुराने का द्यावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.