बेथपेजचे काळे मैदान

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरील फार्मिंगडेल गावाजवळ बेथपेज स्टेट पार्क हे राज्य सरकारच्या मालकीचे उद्यान आहे. त्यात गोल्फची पाच मैदाने असून ती रंगांच्या नावांनी ओळखली जातात : हिरवे, निळे, तांबडे, पिवळे आणि काळे. यांपैकी काळे, म्हणजेच ‘बेथपेज ब्लॅक’, १९३६ साली खुले झाले. अमेरिकेतल्या सर्वांत अवघड मैदानांत त्याची गणना होते. तरीही तिथे खेळण्यासाठी क्लबाचे सभासदत्व लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही, हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या पातळीचा, दाखलाही कुणी मागत नाही. शुल्क भरले की झाले.

गोल्फमध्ये असे सहसा घडत नाही. अवघड आणि नामांकित मैदाने बहुतेक श्रीमंतांच्या खाजगी क्लबांच्या ताब्यात असतात. सरकारी मैदाने सोपी ठेवतात, कारण दिवसभरात शक्य तितकी माणसे खेळून बाहेर पडायला हवी असतात. बेथपेजला वेगळे वळण लागले ते १९३०च्या दशकातल्या मंदीमुळे.

ही जमीन मुळात बेंजामिन योकम या रेल्वेसम्राटाच्या ताब्यात होती. त्यांनी रचनाकार डेव्हेरो एमेट यांच्याकडून एक मैदान आखून घेतले आणि १९२३ साली ते ‘लेनॉक्स हिल्स’ या नावाने सुरू झाले. १९२९ साली, शेअर बाजार कोसळला त्याच शरद ऋतूत, योकम वारले. लाँग आयलंडच्या उद्यान आयोगाचे अध्यक्ष रॉबर्ट मोझेस यांची नजर या जमिनीवर होती. १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती सरकारकडे आली आणि लेनॉक्स हिल्समध्येच फेरफार करून हिरवे मैदान झाले. पाठोपाठ निळे, तांबडे आणि काळे आखले गेले. पिवळ्याची भर पडली १९५८ साली.

मंदीत जमीन स्वस्त होती आणि मजुरांची वाण नव्हती. बेकारांना धर्मादाय मदत देण्याऐवजी सार्वजनिक बांधकामावर रोज द्यायचा, हे त्या वेळचे धोरण होते. न्यूयॉर्क राज्याने ते १९३१ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर असताना सुरू केले आणि पुढे रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर केंद्र सरकारने देशभर राबवले. दुष्काळी कामांवर खडी फोडण्याची रीत महाराष्ट्राला ठाऊक आहे. बेथपेजला त्याच तत्त्वावर झाडे तोडली गेली, माती उपसली गेली आणि प्रचंड बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोदले गेले. मजुरीचा हिशेब जिथे मदतखात्यात पडतो तिथे आखणी करणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागत नाही. काळ्या मैदानाचा अवाढव्यपणा काही अंशी या हिशेबातून आला असावा.

आराखड्याचे श्रेय मात्र वादात आहे. परंपरेने ते ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांना दिले जाते. न्यू जर्सीचे बाल्टसरॉल आणि न्यूयॉर्कजवळचे विंग्ड फूट ही त्यांचीच मैदाने. मंदीत नवी खाजगी कामे थांबली तेव्हा मोझेस यांनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. पण उद्यानाचे अधीक्षक जोसेफ बर्बेक हेच खरे रचनाकार, असा दावा २००२ नंतर जोराने मांडला गेला. पाइन व्हॅली या अतिशय अवघड खाजगी मैदानाच्या तोडीचे मैदान लोकांसाठी बांधावे ही कल्पना बर्बेक यांची, असे खुद्द टिलिंगहास्ट यांनी लिहून ठेवले आहे. कल्पना एकाची आणि मार्ग दुसऱ्याने आखलेला, असा समझोता बहुतेक अभ्यासकांना पटतो. यात एक गंमत आहे. १९३५ पासून टिलिंगहास्ट व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेतर्फे देशभर हिंडत होते आणि सामान्य खेळाडूला विनाकारण छळणारे बंकर बुजवा, असे मैदानामागून मैदानाला सांगत होते. त्याच सुमारास बेथपेजला मात्र बंकर खोदले जात होते.

‘सार्वजनिक’ या शब्दालाही तेव्हा मर्यादा होती. मोझेस यांनी उद्यानांकडे नेणारे जे ‘पार्कवे’ बांधले, ते खाजगी मोटारींसाठी होते. त्यांवर बस चालत नसे. मैदान लोकांचे, पण त्यातल्या त्यात मोटार असलेल्या लोकांचे, असाच त्याचा अर्थ झाला. पुढे या मैदानाची सर्वांत प्रसिद्ध प्रथा मोटारीतच जन्माला यावी, हे त्याला साजेसेच म्हणावे लागेल.

युद्धोत्तर दशकांत खेळणारे वाढले आणि देखभालीचा पैसा पुरेना. हिरवळी झिजल्या, बंकरांच्या कडा ढासळल्या. आखणी भव्य असूनही अवस्था केविलवाणी झाली. १९९०च्या दशकात अमेरिकी गोल्फ संघटनेचे कार्यकारी संचालक डेव्हिड फे यांनी इथे यू. एस. ओपन ही संघटनेची मुख्य स्पर्धा भरवण्याचा विचार पुढे रेटला. संघटनेने दुरुस्तीचा खर्च उचलला आणि रचनाकार रीस जोन्स यांनी मानधन न घेता मैदान पुन्हा उभे केले. २००२ साली सरकारी मालकीच्या मैदानावर पहिल्यांदाच यू. एस. ओपन झाली. टायगर वुड्स पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, तीन फटके कमी घेऊन जिंकले; दुसऱ्या कुणालाच चार दिवसांअखेर पारच्या खाली राहता आले नाही. पावसाने भिजलेल्या शुक्रवारी दहाव्या होलवर काही व्यावसायिकांचे फटके फेअरवेपर्यंत, म्हणजे आखूड गवताच्या पट्ट्यापर्यंतही, पोचेनात, तेव्हा स्थानिक खेळाडूंना मनातून बरे वाटले असणार. २००९ च्या ओपनमध्येही पावसाने गोंधळ घातला. ती सोमवारी संपली आणि लुकास ग्लोव्हर जिंकले. २०१९ साली ब्रूक्स केप्का यांनी इथे पीजीए स्पर्धा जिंकली. सप्टेंबर २०२५ मध्ये इथे अमेरिका आणि युरोप यांच्या संघांमधला रायडर चषक रंगला. युरोपने तो १५–१३ असा जिंकला, पण सामन्यांइतकीच चर्चा प्रेक्षकांच्या शिवीगाळीची झाली.

स्पर्धा संपल्या की मैदान परत हौशी खेळाडूंकडे येते, आणि त्यांचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. आगाऊ नोंदणीची सोय आहे, पण वेळा उघडताच संपतात. न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना नोंदणीत प्राधान्य मिळते आणि बाहेरच्यांना शुल्क बरेच जास्त पडते. उरतो तो मोटारींच्या रांगेचा मार्ग. वाहनतळावर क्रमांक घातलेल्या जागा आहेत. संध्याकाळी येऊन आपली गाडी त्या क्रमाने लावायची आणि रात्र गाडीत काढायची. पहाटे, अंधार असतानाच, कर्मचारी येऊन क्रमाने नंबर वाटतात. सकाळच्या पहिल्या वेळा या रांगेसाठी राखलेल्या असतात. गाडीच्या डिकीवर बसून खाणेपिणे, अनोळखी लोकांशी गप्पा आणि चौघांचा गट जमवणे हे सगळे याच रात्री होते. इथे वशिला चालत नाही, हा या प्रथेचा खरा मोठेपणा.

पहिल्या टीजवळ, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागेजवळ, एक फलक आहे. हे मैदान अत्यंत अवघड असून केवळ निष्णात खेळाडूंनीच इथे खेळावे, असा इशारा त्यावर दिलेला आहे. तो वाचून कुणी परत फिरत नाही; उलट लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

ब्लॅकवर गोल्फकार्ट चालत नाही. पिशवी खांद्यावर घ्यायची, हातगाडीवर ओढायची किंवा कॅडीकडे द्यायची. २०१९ च्या पीजीए स्पर्धेत व्यावसायिक खेळाडू जॉन डेली यांना गुडघ्याच्या दुखण्यामुळे कार्टची खास परवानगी मिळाली, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. पहिला होल उंचावरून खाली उतरतो आणि उजवीकडे वळतो. तो संपला की राउंड स्वँप रोड ओलांडावा लागतो. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतचे तेरा होल रस्त्यापलीकडच्या चढउतारांवर आहेत. चौथ्या होलचे छायाचित्र सर्वांत जास्त छापले जाते. तिरप्या रेषेत पसरलेला विशाल बंकर तिथे फेअरवे तोडतो आणि किती धाडस करायचे, हे खेळाडूला फटक्याआधीच ठरवावे लागते. पाचव्यावरही हाच तिरपेपणा पुन्हा समोर येतो. सातवा होल रोजच्या खेळात पाच फटक्यांचा, मोठ्या स्पर्धेत चार फटक्यांचा धरतात. म्हणून हौशी खेळाडूच्या कार्डावर पार ७१ असते आणि व्यावसायिकाच्या ७०. मागच्या टीपासून एकूण लांबी सुमारे ७,४०० यार्ड भरते. हौशी खेळाडू अर्थात पुढच्या टीवरून मारतो, पण बंकर आणि फेअरवेबाहेरचे दाट गवत त्यालाही चुकत नाहीत. ब्लॅकच्या होलभोवतीच्या हिरवळी इतर नामांकित मैदानांच्या मानाने सपाट आहेत. सगळी कसोटी चेंडू तिथवर नेण्यातच लागते.

चौदाव्यानंतर पुन्हा रस्ता ओलांडला की, पाय जड झालेले असताना, पंधरावा होल येतो. बहुतेकांच्या मते मैदानातला सर्वांत कठीण होल हाच. दुसरा फटका सरळ टेकडीवर चढवावा लागतो आणि वरची हिरवळ खालून नीट दिसत नाही. सतरावा तीन फटक्यांचा, बंकरांनी वेढलेला. अठरावा मात्र समीक्षकांना कायम मिळमिळीत वाटत आला. जोन्स यांनी त्याच्या दोन्ही बाजूंचे बंकर वाढवून फेअरवे आवळला, तरी तक्रार थांबलेली नाही. हौशी खेळाडूंकडून ती सहसा ऐकू येत नाही.