विळ्याच्या आकाराची पेशी आणि भावाचे दान

नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण तापीच्या खोऱ्यातील जुन्या बाजारपेठांचा, सातपुड्यातील वनवासी जीवनाचा आणि १९४२ साली शिरीषकुमार व त्याच्या सवंगड्यांनी दिलेल्या बलिदानाचा उल्लेख करतो. या भूमीतील माणसांच्या रक्तातही एक इतिहास पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलेला आहे. त्याची नोंद मात्र ताम्रपटात नाही, की दप्तरातही नाही. नंदुरबार तालुक्यातील रनाळे असो, नवापूरकडील गाव असो, वा धडगावच्या डोंगरातील एखादा पाडा असो. ‘सिकलसेल’ हा शब्द आज तेथे अनोळखी राहिलेला नाही. सांधे ठणकणारे, वारंवार तापाने फणफणणारे, डोळ्यांत पिवळेपणा आलेले मूल कित्येक घरांनी पाहिले आहे. या आजाराचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत. कर्करोग, अवयवरोपण आणि पेशींतील रेणूंचे शास्त्र या आधुनिक संशोधनाच्या तीन वाटा याच आजारापाशी एकत्र आल्या, आणि त्या संगमावर आपल्या श्रद्धेलाही काही उत्तर द्यावे लागते.

अमेरिकेतील शिकागो शहरी डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्या तरुणाच्या तांबड्या रक्तपेशी नेहमीसारख्या वाटोळ्या नसून लांबट, विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या. अशा पेशी ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व पुढील भागाचा रक्तपुरवठा तोडतात. असह्य वेदनांचे कारण हेच. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्यासारखी पेशी पुष्कळदा १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रुग्णाच्या अंगी रक्त भरत नाही.

पेशी वाकते का, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास चार दशके लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत्‌क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते; म्हणजे त्याचा रेणूच निराळा आहे. ‘रेणूचा आजार’ ही संज्ञा वैद्यकात तेव्हा रूढ झाली. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका दोष शोधला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले ओवलेली असतात. त्यांतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते, एवढाच फरक. जपमाळेतील एक मणी बदलावा आणि सारे आयुष्य वेदनांनी भरून जावे, तसे हे आहे.

या कथेचा धागा आपल्या महाराष्ट्रातही लवकरच आला, आणि तोही कर्करोग संशोधनाच्या दारातून. मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. निरनिराळ्या समाजांत निरनिराळे आजार का आढळतात, हा खानोलकरांच्या जिज्ञासेचा विषय होता. या केंद्राशी निगडित असलेले एल. डी. संघवी यांनी पी. के. सुकुमारन व जी. एन. व्यास यांच्यासह १९५६ साली पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींमध्ये सिकलसेलचा गुणधर्म असल्याचे प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये तो आढळला होताच. अशा रीतीने कर्करोगाचा शोध घेणाऱ्यांनीच आपल्या पाड्यांतील दुखण्याला नाव मिळवून दिले.

हा गुणधर्म आदिवासींमध्येच इतका का टिकून राहिला? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून त्याचे कारण सांगितले. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते, तो ‘वाहक’. तो सहसा आजारी नसतो. उलट हिवतापाच्या जीवघेण्या रूपापासून त्याला पुष्कळ संरक्षण मिळते. जंगलातील हिवतापाने जेथे घरेच्या घरे ओस पडत, तेथे या जनुकाने वंश राखला. तेव्हा वाहक असणे हा कुळाला लागलेला डाग नव्हे. पूर्वजांनी ज्या ढालीच्या आधारे रान पचविले, तिची ती खूण आहे.

मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन व दोषमुक्त असण्याची चारांत एक असते. हे गणित ज्या नियमांवर उभे आहे, ते ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग करून ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी १८६५ साली मांडले होते. ख्रिस्तसभा आणि विज्ञान यांचे हाडवैर आहे असे मानणाऱ्यांनी या बागेचे स्मरण ठेवावे.

आता उपचारांकडे वळू. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मूळचे कर्करोगावरील. त्याच्या योगे शरीरात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढू लागते व पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. ते पूर्ण बरे करीत नाही. नित्य घ्यावे लागते, रक्ततपासणीही चालू ठेवावी लागते. तथापि, आज सामान्य रुग्णाच्या आवाक्यातील हाच मोठा आधार आहे.

पूर्ण बरे होण्याची वाट अस्थिमज्जारोपणाने दाखविली, आणि तीही जणू अनपेक्षितपणे. अमेरिकेतील मेम्फिस येथे सेंट ज्यूड बाल रुग्णालय आहे. डॅनी थॉमस या कॅथोलिक कलावंताने संत यूदास थद्देय यांना केलेल्या नवसाच्या पूर्तीसाठी उभारलेले हे रुग्णालय १९६२ साली उघडले. तेथे आठ वर्षांची एक मुलगी आली. तिला सिकलसेल होता आणि रक्ताचा कर्करोगही झाला होता. कर्करोगावरील उपाय म्हणून तिच्या धाकट्या भावाची अस्थिमज्जा तिला देण्यात आली. १९८४ साली डॉक्टरांनी जगाला कळविले की, मुलीचा कर्करोग हटलाच. शिवाय सिकलसेलही नाहीसा झाला. तिच्या अंगी आता भावासारखे रक्त तयार होऊ लागले होते. विशेष हे की, तो भाऊ स्वतः सिकलसेलचा वाहक होता. ज्या वाहकाला समाज नाक मुरडतो, त्याच्याच दानाने बहीण बरी झाली.

त्याच सुमारास, मार्च १९८३ मध्ये, परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवानी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. बालपणीच्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी ही सेवा केली. सख्ख्या भावंडांची मज्जा परस्परांशी पूर्ण जुळण्याची शक्यताही चारांत एक असते. आजार देणारे आणि आधार देणारे गणित असे एकच आहे.

असे दान धर्माला मान्य आहे काय, असे भाविक आम्हांला विचारतात. पोप बारावे पायस यांनी १९५६ सालीच मृत्यूनंतरच्या नेत्रदानासंबंधी अनुकूल विचार मांडला होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘जीवनाचे शुभवर्तमान’ या परिपत्रकात योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील थोर कृत्यांत केली. आणि २००० साली रोम येथे रोपणतज्ज्ञांपुढे बोलताना मानवी देह विक्रीची वस्तू होऊ शकत नाही, हेही बजावले. आपल्या देशातील अवयवरोपणाचा १९९४ चा कायदाही अवयवांच्या व्यापारास बंदी करतो. काईनाने आपल्या भावाविषयीची जबाबदारी झटकली होती. मज्जा देणारे मूल त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाडांतून देते.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत याहून पुढचे पाऊल पडले. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, जनुकात बदल करून त्या परत देण्याच्या उपचारास मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरविण्यात आली. रनाळ्याच्या शेतमजुराला हा आकडा वाचताही येऊ नये, इतका तो दूरचा आहे. शोध लागणे आणि तो गरिबाच्या दारी पोहोचणे, यांमधील अंतर विज्ञानाने एकट्याने तोडता येत नाही. तेथे न्यायबुद्धी लागते.

२०२३ सालीच १ जुलै रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, हे त्याचे उद्दिष्ट. ते स्तुत्य आहे. तथापि ‘निर्मूलन’ हा शब्द आपण सावधपणे उच्चारला पाहिजे. नाहीसा करावयाचा तो आजार. आजारी मूल नव्हे. गर्भाची तपासणी त्याच्या शुश्रूषेसाठी असेल तर ख्रिस्तसभा तिला विरोध करीत नाही. परंतु गर्भाला जगण्याचा हक्क नाकारण्यासाठी तिचा उपयोग करणे १९८७ च्या व्हॅटिकन निवेदनाने अमान्य केले आहे. गर्भाचा जीव न घेताही पुष्कळ करता येते. नवजात बालकाची तपासणी करून वेळीच पेनिसिलिन दिल्यास जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू टळतात, हे १९८६ सालच्या चाचणीने सिद्ध केले आहे.

दुसरा धोका आपल्या अंगणातला. तपासणीचे कार्ड हाती येताच मुलीची सोयरीक मोडते आणि मुलाचे कार्ड मात्र पेटीत दडविले जाते, असे होता कामा नये. धर्मग्रामांच्या विवाहपूर्व शिबिरांत वधू-वर दोघांनीही रक्त तपासावे, आणि तेही सोयरीक ठरण्याआधी. चर्चमध्ये विवाहाच्या घोषणा झाल्यावर नव्हे. अहवाल गुप्त ठेवावा. वाहक असणे हा ख्रिस्तसभेच्या कायद्यात विवाहाला अडथळा नाही. दोन वाहकांनी जाणतेपणी विवाह केलाच, तर त्यांच्या बालकाची तपासणी, औषधे, लसीकरण व रक्त यांची काळजी त्या दोघांवरच टाकून धर्मग्रामाने मोकळे होऊ नये.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू तो प्रश्नच नाकारतात व त्या माणसाला दृष्टी देतात. पॉलिंगपासून अडवानींपर्यंतच्या संशोधनाने आपल्याला तेच शिकविले आहे. रेणूतील दोषाला गुन्हेगार नसतो. सुनेच्या कुळाला बोल लावणारी सासू आणि नशिबाला दोष देणारा बाप, दोघांनाही हे सांगण्याचे काम आता आपले आहे. येत्या रविवारी ते मिस्सेनंतर प्रांगणातच सुरू व्हावे.