हुतूतूचे नियम, भिलाई आणि बाद झालेला गडी

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत आरती, अथर्वशीर्ष पठण, हळदीकुंकू आणि सुगम संगीत यांच्या सोबतीने एक ओळ दरवर्षी ठरलेली असते : 'लहान मुलांच्या क्रीडा स्पर्धा'. महाराष्ट्रातले मंडळ असो की भिलाईसारख्या पोलादनगरीत वाढलेले बृहन्महाराष्ट्रातले मंडळ, या ओळीखाली येणारे खेळही बहुधा तेच असतात. लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, आणि सर्वांची लाडकी संगीत खुर्ची.

संगीत खुर्चीचा थोडा हिशेब मांडून पाहावा. वीस मुले आणि एकोणीस खुर्च्या घेतल्या, तर पहिले मूल अर्ध्या-एक मिनिटात बाहेर पडते. बाहेर पडणारे मूल बहुतेक वेळा सर्वांत लहान, सर्वांत बुजरे किंवा धावण्यात मागे पडणारे असते. म्हणजे ज्याला धावण्याची सर्वांत अधिक गरज, तेच सर्वांआधी आईच्या मांडीवर जाऊन बसते. आणि जो मुळातच चपळ, तो शेवटपर्यंत पळतो. दोष मुलांचा नाही, आयोजकांचाही नाही. दोष खेळाच्या रचनेत आहे. बाद झालेल्या गड्याचे काय करायचे, या प्रश्नाला संगीत खुर्चीने एकच उत्तर दिले आहे : "तू बस."

हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वसुरींपुढे होता, आणि त्यांनी त्याची निराळी उत्तरे शोधली. त्या उत्तरांतून जो खेळ घडला, त्याच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आपल्या भिलाईत लिहिले गेले. ती हकिकत येथे सांगावयाची आहे.

अंगणातले खेळ मैदानात आले

खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या, लगोरी, लंगडी हे खेळ कोणी शोधून काढले हे सांगता येत नाही. ते गावोगावी होते आणि गावोगावी वेगळे होते. एका आळीतला नियम दुसऱ्या आळीत चालत नसे. घरच्या घरी खेळायला त्याने काही बिघडत नाही. पण दोन गावांचा सामना लावायचा म्हटले की भांडणालाच सुरुवात.

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांत जिमखाने निघू लागले. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्या काळी आपल्याकडे व्यायामाच्या दोन वाटा होत्या. एक तालमीची : जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब. उत्तम व्यायाम, पण बराचसा एकट्याने करावयाचा. दुसरी वाट क्रिकेट-टेनिसची. ते खेळ चांगले, परंतु बॅट, चेंडू, जाळी, राखलेले मैदान असा खर्चाचा मामला. सर्वसाधारण शाळेतल्या पन्नास पोरांना एकाच वेळी पळायला लावील, आणि पैसाही लागणार नाही, असे काही हवे होते. ते अंगणात होतेच. त्याला फक्त मोजमाप आणि नियम द्यायचे होते.

१९१४ साली डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले. हे नियम नीट पाहिले की ते करणाऱ्यांची दृष्टी लक्षात येते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा निसटू शकतो. वरवर पाहता हा पाठलाग करणाऱ्यावर अन्याय वाटेल. परंतु खेळाची गंमत त्यातच आहे. एकटा कितीही वेगवान असला तरी त्याला दुसऱ्याला 'खो' दिल्यावाचून गत्यंतर नाही. वेगवान मुलगा सारा खेळ एकट्याच्या खिशात घालू शकत नाही, आणि बसलेल्याला डुलकी काढता येत नाही, कारण पुढचा खो आपल्याच पाठीवर पडायचा असतो. एका बंधनाने काम नऊ जणांत वाटले गेले.

मेलेला गडी जिवंत होतो

हुतूतूची गोष्ट याहून मनोरंजक आहे. या खेळाला घड्याळ लागत नाही, कारण चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ. दम सुटला की वेळ संपली. साहित्य म्हणाल तर जमिनीवर ओढलेल्या रेषा, एवढेच. पण गडी बाद झाल्यावर पुढे काय, यावर तीन निरनिराळ्या पद्धती प्रचारात होत्या.

पहिली 'गामिनी'. तीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि पूर्ण संघ बाद होईपर्यंत परत येत नाही. दुसरी 'अमर'. तीत गडी बाद होतो, विरुद्ध संघाला गुण मिळतो, पण गडी मैदानातच राहतो आणि खेळत राहतो. तिसरी 'संजीवनी'. तीत बाद झालेला गडी बाहेर जातो खरा, परंतु त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की तो जिवंत होऊन पुन्हा आत येतो.

तिन्हींचे गुणदोष पाहण्यासारखे आहेत. गामिनीत जय-पराजय स्पष्ट कळतो, पण पहिला बाद झालेला गडी बिचारा कंटाळून जातो. अमरमध्ये सारे सतत खेळतात, पण बाद होण्याची भीतीच उरत नाही आणि चुरस थोडी सैल पडते. संजीवनीत दोन्ही साधते. बाद होण्याची झळ लागते, पण आशा सुटत नाही. बाहेर उभा असलेला गडी आपल्या साथीदाराच्या चढाईकडे डोळे लावून असतो, कारण त्याचा जीव त्या चढाईत अडकलेला असतो.

हुतूतूला नियमांची चौकट देण्याचे प्रयत्न १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडे झाले. पुढे १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या पुढाकाराने सुधारलेल्या नियमांनुसार स्पर्धा झाली. पुढच्या काळात जी कबड्डी देशभर रुजली, ती मुख्यतः संजीवनीच्या तत्त्वावर उभी आहे. आजही एक गडी बाद केला की आपला एक गडी आत येतो, आणि सारा संघ बाद झाला तर 'लोण' चढून दोन गुण जास्तीचे मिळतात. पण संपूर्ण संघ लगेच पुन्हा मैदानात उतरतो. लोण लागलेल्या संघाला कोणी घरी पाठवीत नाही!

अमरावती ते बर्लिन, आणि मग भिलाई

१९१४ सालीच अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची आणि खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कलकत्त्यात सुरू झाली.

एव्हाना खेळाचे नाव एक करणे भाग पडले होते. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडूडू, दक्षिणेत चेडुगुडू, आणि आपल्या छत्तीसगढ़ी शेजाऱ्यांच्या तोंडी खुडुवा. साऱ्यांनी 'कबड्डी' हे नाव पत्करले, आणि नावाबरोबर एकच नियमपुस्तक पत्करले.

अशा खेळाला भिलाईहून योग्य गाव कोणते मिळणार? १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या काळात देशाच्या प्रत्येक प्रांतातून माणसे येथे आली. एकेका सेक्टरात मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि छत्तीसगढ़ी घरे शेजारी शेजारी नांदू लागली. हुतूतू, हाडूडू, चेडुगुडू आणि खुडुवा एकाच गल्लीत राहायला आले, असे म्हटले तरी चालेल.

त्याच भिलाईत, त्या वेळच्या मध्य प्रदेशात, १९७८ साली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. आणि त्याच प्रसंगी आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. आशिया खंडातील देशांना एका नियमाखाली आणणारी ही संस्था आपल्या गावात जन्माला आली, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी. या खेळाला देशाबाहेर नेण्यासाठी शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्य वेचले. महाराष्ट्रात १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९८० साली कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत प्रात्यक्षिक झाले, आणि १९९० साली बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ झाली. २०१० साली ग्वांगझूला महिलांची कबड्डी आली. २०१८ साली जकार्त्यात इराणने पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदके नेली. आपला खेळ दुसऱ्याने आपल्याइतकाच मन लावून खेळला, याहून मोठी पावती कोणती? खो-खोचीही पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झाली आणि भारताने दोन्ही गटांत विजय मिळविला.

या यशोगाथेत एक प्रसंग मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझूला भारत-इराण पुरुष अंतिम सामना ऐन भरात असताना सुमारे तासभर थांबला. चढाई करणारा कोणालाही स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला, आणि बचाव करणारेही त्याच्यामागे तेथे गेले. मग बाद कोण? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरे. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. शंभर वर्षे घासून लख्ख केलेल्या नियमांतही फट राहू शकते, तर आपण स्पर्धेच्या सकाळी घाईघाईने सांगितलेल्या नियमांवरून मुलांची तक्रार झाली यात नवल काय?

आपल्या मांडवापुढचे मैदान

आता या इतिहासाचा आपल्याला उपयोग काय, ते पाहू. आज आपल्या उत्सवात येणारी मुले संख्येने पूर्वीइतकी नाहीत. अनेक घरांतली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे-बंगळूरला गेली. घरी आजी-आजोबा उरले. जी दहा-पंधरा मुले जमतात, त्यांत पाच वर्षांचा बाळू आणि चौदा वर्षांची ताई एकत्र असतात. त्यातील तिघांना पाच मिनिटांत बसवून ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. उद्या ती येणारच नाहीत.

म्हणून खेळ निवडताना तीन प्रश्न विचारावेत. एक, कोणत्याही क्षणी किती मुले पळत आहेत? दोन, बाद झालेल्याला परत येण्याची वाट आहे का? तीन, सर्वांत चपळ मुलाला इतरांची गरज पडते का?

या कसोटीला उतरणारे खेळ आपल्याच घरात आहेत. 'विष-अमृत' घ्या. राज्य असलेल्याने 'विष' दिले की जागेवर खिळायचे, आणि सवंगड्याने 'अमृत' दिले की पुन्हा पळायचे. ही हुतूतूची संजीवनीच, फक्त पाच वर्षांच्या मुलालाही समजेल अशी. 'साखळी' घ्या. पकडलेला गडी बसत नाही, पकडणाऱ्याचा हात धरून साखळीत सामील होतो. हाच खेळ छत्तीसगढ़मध्ये 'संखली' म्हणून खेळतात, आणि २०२२ साली राज्यात भरलेल्या छत्तीसगढ़िया ऑलिंपिकमध्ये कबड्डी, खो-खो, पिट्ठूल, गेडी, भौंरा यांच्याबरोबर त्यालाही स्थान होते. त्या यादीत फुगडीसुद्धा होती. आपल्या मंगळागौरीची फुगडी आणि इथली बसून घालायची फुगडी एकाच मैदानावर घातली, तर दोन्हीकडच्या आयाबहिणी मैदानात उतरतील.

संगीत खुर्चीही टाकून देण्याचे कारण नाही. खुर्च्या कमी करत जावे, पण मुले कमी करू नयेत. ज्याला खुर्ची मिळाली नाही त्याने मैदानाला एक फेरी मारून पुढच्या डावात परत यावे, आणि दहा डावांत सर्वांत कमी फेऱ्या ज्याच्या, तो विजयी. नियम एवढाच बदलला, पण आता सर्वांत मागे पडणारे मूलच सर्वांत जास्त धावेल. फक्त हे नियम आदल्या दिवशी कागदावर लिहून मांडवात लावावेत, म्हणजे ऐन वेळी तासभर वाद घालायची पाळी येणार नाही.

लोकमान्यांनी १८९३ साली उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते माणसे एकत्र यावीत म्हणून. एकत्र येणे म्हणजे नुसते एका मांडवात बसणे नव्हे. कार्यकारिणीस नम्र विनंती, की पुढील वर्षी बक्षिसांच्या यादीआधी खेळांच्या नियमांची यादी करावी, आणि प्रत्येक नियमापुढे एवढेच तपासावे : बाद झालेले मूल परत कधी येणार?

गणपती बाप्पा मोरया!