अडीच सुतांचा बोल्ट

ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर मुंबई-आग्रा रस्ता आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. आज तिथे उड्डाणपूल आहेत. पन्नास वर्षांपूर्वी इथून नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांत फियाट, अँबॅसडर आणि जीप हमखास दिसत. तिन्ही गाड्या आपल्याच कारखान्यांतल्या. पण बॉनेट उघडून पाना लावला की प्रत्येकीचं माहेर कळे. कुर्ल्यात प्रीमियर बनवत असे ती फियाट इटालियन, म्हणून तिचे बोल्ट मिलिमीटरचे. जीप अमेरिकी आणि अँबॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड; या दोघींचे बोल्ट इंचाचे.

एवढ्याशा बोल्टची इतकी मापं का? १८४१ पूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखाना आपल्या मनाने आटे पाडी. जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणचे स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि ५५ अंशांच्या आट्यांचं एक माप सुचवलं. १८६४ मध्ये अमेरिकेच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो पाडायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसेनात, तेव्हा दोघांचे डोळे उघडले. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक समान आटा मान्य केला. युरोप मात्र मिलिमीटरवरच राहिला. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली. पण गॅरेजमध्ये आजही 'सूत' चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच.

जुन्या इंजिनाचा बोल्ट हरवला की खरा घोळ इथे होतो. अडीच सुती बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर. बाजारातला आठ मिलिमीटरचा बोल्ट नजरेला अगदी तसाच. तो दोन-तीन फेरे आत जातो आणि अडतो. 'थोडा जोर लाव' म्हणून पाना ओढला, की ब्लॉकमधले आटे जातात. बोल्ट काही रुपयांचा असतो. पण तसा ब्लॉक कोणी नव्याने ओतत नाही.

डोक्याचं माप पाहून निवाडा करावा, तर तेही फसवं. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. आणि इंग्रज मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टची डोकी इंची! एमजीच्या जुन्या टी मालिकेतल्या गाड्यांतही हेच दिसतं. त्यातही त्यांच्या आठ मिलिमीटर बोल्टचा पिच एक मिलिमीटर. आजच्या साध्या बोल्टचा सव्वा. म्हणजे माप तेच, तरी बसायचा नाही.

म्हणून जाणता फिटर आधी पिच गेज लावतो, मग व्हर्नियर, आणि मगच नागदेवीच्या नट-बोल्ट बाजाराची वाट धरतो. तिथे मिळालं तर उत्तम. नाहीतर लेथवाल्याकडे जावं लागतं. टॅपेट कव्हरचा बोल्ट साध्या लोखंडातून घडवला तरी चालतो. सिलिंडर हेडचा स्टड मात्र 'ईएन-२४' सारख्या पोलादाचा, योग्य उष्णता-प्रक्रिया केलेलाच हवा. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तर लेथवर पाडूच नये. कारखान्यात त्याचे आटे कापत नाहीत, दाबून उठवतात. त्यामुळे पोलादाचे तंतू तुटत नाहीत आणि दर फेऱ्याला बसणारा ताण तो सोसतो. हा बोल्ट धावत्या गाडीत तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

असं काम जाणणारे टर्नर ठाण्याला मुबलक होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, इथलीच. तिथल्या अनेक शेडच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली आणि तिच्या सुट्या भागांचं रोजचं गिऱ्हाईक संपलं. जुनी गाडी जपणाऱ्याने म्हणून एक सवय लावून घ्यावी. काढलेला गंजका बोल्ट टाकू नये. कोणत्या भोकातला ते लिहून चिठ्ठीसह डबीत ठेवावा. तो कामाचा राहिला नसेल, पण नवा घडवणाऱ्याला नमुना तोच. ती डबी हरवली, तर उद्याच्या टर्नरला अंदाजाने आटे पाडावे लागतील, जसे १८४१ पूर्वी पाडत असत.