यंत्रशाळेस विचारावयाचे प्रश्न

लोखंड व पोलाद कापण्याची रीत आणि त्यासाठी लागणारे हत्यार कारखानदार कसे निवडतात, याची पाहणी करावयाची झाल्यास प्रश्न कोणते विचारावेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु अशा पाहणीच्या उत्तरांवरच कोणत्या यंत्रासाठी कर्ज द्यावे आणि तंत्रशाळेतील मुलांना कोणत्या लेथवर उभे करावे, हे पुढे ठरत असते. प्रश्न चुकला की उत्तर चुकते, आणि त्याचा दंड बहुधा त्या मुलांना भरावा लागतो. त्यांना तर कोणी काही विचारलेलेच नसते.

आरंभ आमच्या मोडनिंबापासूनच करतो. कुर्डुवाडीहून आमच्या गावावरून पंढरपुरास जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. या रेल्वेचा कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला व १९०६ साली रूळ पंढरपुरास पोहोचले. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर. वारी दरी वजनाचे हलके रूळ घालावयाचे आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, असा त्याचा दंडक होता. त्यामुळे वाघिणींची चौकट हलकी करणे भाग पडले. कारण चौकटीचे वजन जितके कमी तितका माल अधिक. म्हणून पोलादी पत्रा साच्यात दाबून घडविलेल्या चौकटी वापरण्यात आल्या. आता अशी कल्पना करा की त्या काळी कोणी पाहणीदार अशा चौकटी घडविणाऱ्या कारखान्यात गेला आणि त्याने विचारले, ‘तुम्ही कापण्याजोडण्याऐवजी दाबण्याची रीत का निवडलीत?’ कारखानदाराने आपल्या दाबयंत्राची थोरवी गायिली असती. खरे कारण मात्र हजारो मैलांवर, माढे तालुक्याच्या काळ्या मातीवर घातलेल्या हलक्या रुळांत होते. तात्पर्य, प्रश्नावलीत पहिली चौकशी गिऱ्हाइकाने घातलेल्या अटींची असावी, यंत्राची मागाहून.

धातुकर्तनाच्या शास्त्रातील सर्वांत मोठी चौकशी फ्रेडरिक टेलर या अमेरिकन गृहस्थाने केली. १८८० साली मिडव्हेल येथील पोलादाच्या कारखान्यात त्याने प्रयोगांस आरंभ केला, तो सहा महिन्यांत काम उरकेल या समजुतीने. त्याला सव्वीस वर्षे लागली. तीस ते पन्नास हजार प्रयोग झाले, आठ लक्ष पौंड लोखंड व पोलाद यांचा कीस पडला, दीड ते दोन लक्ष डॉलर खर्ची पडले. १९०६ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील यंत्र-इंजिनियरांच्या सभेपुढे अध्यक्ष या नात्याने त्याने हे सारे मांडले. लेथवरील कामगारास रोज तीन प्रश्न सोडवावे लागतात, असे त्याचे म्हणणे होते: हत्यार कोणते घ्यावे, काम किती वेगाने फिरवावे, आणि हत्यार दर फेऱ्यास किती सरकवावे. या तिहींच्या मुळाशी त्याला बारा निरनिराळी कारणे सापडली. धातूची कठीणता, हत्याराचे पोलाद, त्याच्या टोकाचा आकार, कापाची जाडी व खोली इत्यादी. बाराही एकदम जमेस धरणारे गणित कामगाराकडून होणे नाही, म्हणून कार्ल बार्थ या त्याच्या सहकाऱ्याने त्यासाठी खास सरकपट्टी तयार केली.

परंतु टेलरच्या त्या निबंधात याहून मौजेची एक हकीकत आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच मला मोलाची वाटते. हत्याराच्या टोकापाशी, जेथे कीस निघतो नेमके तेथेच पाण्याची भरघोस धार सोडली, तर वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढविता येतो, असा त्याला आरंभीच्या काळातच शोध लागला. १८८४ साली मिडव्हेलने नवी यंत्रशाळा बांधली तेव्हा प्रत्येक यंत्राजवळ पाण्याची व्यवस्था केली. यात गुपित काहीच नव्हते; येणाऱ्याजाणाऱ्यास ते पाणी उघड्या डोळ्यांनी दिसत होते. तरीही १८९९ सालापर्यंत, मिडव्हेल सोडून गेलेल्या माणसांनी चालविलेला एक लहानसा कारखाना वगळता, कोणीही त्याचे अनुकरण केले नाही! पंधरा वर्षे! आणि ही रीत परवडण्याजोगी, फायदा रोकडा.

त्या पंधरा वर्षांत कोणी पाहणी केली असती आणि ‘पाण्याने वेग वाढतो हे तुम्हांस ठाऊक आहे काय?’ असे विचारले असते, तर पुष्कळांनी ‘होय’ म्हटले असते. त्या ‘होय’ची किंमत शून्य. प्रश्नपत्रिका काढण्यात ज्याचे आयुष्य गेले त्यास हे चटकन कळते. प्रश्नातच उत्तर दडविले की वर्गातील मठ्ठ मुलगाही बरोबर उत्तर देतो. येथे विचारावयास हवे होते ते असे: ‘गेल्या आठवड्यात या लेथवर कोणते काम झाले? त्या वेळी पाणी होते काय? नव्हते तर का नव्हते?’ मग कोणी सांगितले असते की पाणी वाहून जाण्यास गटार नाही, कोणी म्हणाला असता की मुकादमास चिखल खपत नाही, आणि कोणी, ‘आमच्या वडिलांच्या वेळेपासून असेच चालते.’ या तीन उत्तरांवर तीन निराळे उपाय लागतात. ‘होय’ला उपायच नाही.

हत्यार सुधारले म्हणजे निवड आपोआप सुधारते, हाही एक भ्रम आहे. टेलर व व्हाइट यांचे वेगवान पोलाद १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिले. लाल होईपर्यंत तापले तरी त्याची धार जात नसे. पुढे जर्मनीतील क्रुप कारखान्याने ‘विडिया’ हे कार्बाइडचे हत्यार काढले व १९२७ सालच्या लाइपझिगच्या जत्रेत ते मांडले. नावाचा अर्थच ‘हिऱ्यासारखे’. परंतु जुन्या लेथांना तो वेग सोसेना. आसन थरथरे आणि हत्याराची कड उडे. हत्यार नवे आणि घोडा म्हातारा, अशी स्थिती. अमेरिकेत ‘अमेरिकन मशिनिस्ट’ या नियतकालिकाने १९२५ पासून देशातील धातुकामाच्या यंत्रांची मोजदाद सुरू केली, तिच्यात यंत्राच्या वयाची चौकशी असे, ती योग्यच होय. आमच्या प्रश्नावलीतही ‘हत्यार कोणते’ या प्रश्नाशेजारी ‘यंत्र किती वर्षांचे’ हा प्रश्न हवाच.

मालाची गोष्ट आणखी निराळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. चार वर्षांत पहिले महायुद्ध भडकले, परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू छत्रपतींनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा त्यांस ओतकामासाठी दिल्या. ज्या कारखानदारास तोफा वितळवून नांगर ओतावे लागतात, त्याला ‘तुम्ही सर्वोत्तम प्रक्रिया कोणत्या निकषांवर निवडता?’ असे विचारणे म्हणजे दुष्काळात सापडलेल्या माणसास आवडते पक्वान्न विचारण्यासारखे आहे. निवडीस वाव होता की नव्हता, हे आधी ठरवावे. आजही आमच्याकडे उसाचा हंगाम संपला की साखर कारखान्यांतील चरकांचे झिजलेले रोलर दुरुस्तीस निघतात. त्यांच्या खाचा नव्याने कातावयाच्या की वेल्डिंगने भर घालून भागवावयाचे, हे धातुशास्त्राइतकेच पुढचा हंगाम किती जवळ आला आहे यावरही अवलंबून असते. ज्येष्ठात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कार्तिकात निराळे येईल.

पाहणीची विद्या आपल्याकडे नवीन नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला, तो जमिनीच्या तुकड्यातुकड्याचा आणि घराघराचा हिशेब घेऊन. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची पाहणी केली. या मंडळींनी तर्कावर भिस्त न ठेवता उंबरठे झिजविले. यंत्रशाळांसाठीही तोच मार्ग आहे. नावाजलेले मोठे कारखाने तेवढे घेऊन चालणार नाही, कारण तेथे उत्तर देण्यासच एक साहेब नेमलेला असतो. चिंचोळीच्या वा टेंभुर्णीच्या औद्योगिक वसाहतीतील सर्व शाळांची यादी करावी, एक लेथवाल्याचीही, आणि तीतून ठराविक अंतराने नावे उचलावीत. बाउली या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९१२ साली रेडिंग शहरात सुमारे वीस घरांमागे एक घर याच रीतीने घेतले होते.

मग प्रत्यक्ष भेटीत काय करावे? माझ्या मते कागद खिशातच ठेवून प्रथम नुकताच तयार झालेला एखादा नग हाती घ्यावा. हा कोणाचा, किती नगांची मागणी होती, धातू कोठून आला, पहिला काप कोणत्या यंत्रावर गेला, दुसऱ्या रीतीने करता आला असता काय, ती रीत कोणी नाकारली, हे उलट क्रमाने विचारीत जावे. ‘कोणी’ हा शब्द अधोरेखित असावा. मालक, मुकादम व टर्नर यांस वेगवेगळे गाठावे. तिघांची उत्तरे जुळली नाहीत तर ती खोडून एक करू नयेत, तिन्ही लिहावीत. हत्याराला धार केव्हा लावतात हे मालकास बहुधा ठाऊक नसते, आणि नव्या हत्याराची किंमत किती हे टर्नरास. टक्केवारी विचारूच नये. ती पाहणीदाराने नंतर काढावी. आणि छापण्यापूर्वी प्रश्नावली पाचसहा शाळांत फिरवून आणावी. ज्या प्रश्नास सर्वांकडून एकच उत्तर येते, तो बिनदिक्कत काढून टाकावा. त्याच्या जागी, ‘गेल्या वर्षी कोणते काम तुम्ही परत पाठविले, आणि का?’ हा एक प्रश्न घालावा. न घेतलेल्या कामाची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही, ती विचारूनच मिळवावी लागते.